नेरिमानबाईंची चाळण

"ट्रकला नुसती शिंक येऊ दे! डाव्या नाकपुडीतून आली की उजवीतून, ते मी बोट ठेवून दाखवीन!"

हे वाक्य नेरिमानबाई घरी बोलल्या असत्या तर गोष्ट वेगळी. त्या बोलल्या थेट अंकाराहून आलेल्या तपासनिसाच्या तोंडावर! वर आजूबाजूला साक्षीदार ही गर्दी! इंजिन खात्याचे रुश्तूसाहेब मिशीत हसत उभे, चाचणीचा ट्रक चालवणारा शाकिर उस्ताद हातमोजे चढवत उभा, आणि चहावाला तर पेल्यांचा ट्रे घेऊन खास ऐकायलाच थांबलेला. एवढ्या लोकांसमोर फुशारकी मारायला छाती लागते. नेरिमानबाईंना ती होती. शिवाय त्यांच्याकडे चाळण होती!

चाळण म्हणजे त्यांचं यंत्र. कारखान्यात सगळे त्याला चाळणच म्हणत. माणसाहून उंच असं एक गोल चाक, त्यावर चकलीच्या वेटोळ्यासारखे मांडलेले छोटे छोटे मायक्रोफोन, मधोमध एक कॅमेरा. ट्रक समोरून धडधडत गेला की त्याचा आवाज या मायक्रोफोनला जरा आधी पोचायचा, त्याला जरा मागाहून. त्या एकोणीस-वीसच्या फरकावरून संगणक हिशेब मांडायचा आणि पडद्यावर ट्रकच्या चित्रावर रंग सांडायचा. शांत जागा निळी, कुरकुरणारी पिवळी, आणि सगळ्यांत टोकदार, कर्कश आवाज जिथून निघतो तिथे लालभडक ठिपका!

असलं यंत्र परदेशातून मागवायचं वरिष्ठांच्या मनात होतं. नेरिमानबाईंनी त्यांना सुनावलं होतं, "बाजारचं बोरेक आणि घरी पारी लाटून, सारण भरून केलेलं बोरेक यात फरक असतो, साहेब! मी करते घरी." आणि खरंच केलं. सुताराकडून फळ्या कापून घेतल्या, तारा स्वतः ओढल्या, मायक्रोफोन एकेक करून स्वतःच्या हातानं बसवले. पोरीचं लग्न ठरावं तसा त्यांचा चेहरा तेव्हापासून फुललेला होता. वाऱ्याची झुळूक आली तरी त्या आधी चाळणीला शाल पांघरायच्या, मग स्वतःला!

आता तिची खरी परीक्षा होती. कारखान्याचा नवा ट्रक 'दोरू' सगळ्या बाबतींत देखणा, दणकट. फक्त रस्त्यावरून जाताना परवानगीपेक्षा जरासा जास्त ओरडायचा. जरासाच, पण तपासनिसाला 'जरासा' हा शब्द कळत नसतो. इंजिनवाले म्हणत, आवाज टायरांचा. टायरवाले म्हणत, गिअरचा. गिअरवाले हात वर करून म्हणत, अल्लालाच ठाऊक! अंगणात तयार ट्रकांची रांग शिक्क्याची वाट बघत उभी. तपासनीस फिक्रेतसाहेब संध्याकाळच्या गाडीनं अंकाराला परतणार, आणि पुन्हा उगवणार ते उन्हाळा सरल्यावर. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच!

फिक्रेतसाहेब बोलून कमी आणि हुंकारून जास्त काम भागवणारे गृहस्थ. नेरिमानबाईंची शिंकेची प्रतिज्ञा ऐकून ते म्हणाले, "हं."

"सोड गाडी, उस्ताद!" नेरिमानबाई ओरडल्या.

पठारावरच्या त्या सरळसोट चाचणीच्या रस्त्यावर, पार पलीकडच्या वळणापाशी जाऊन दोरू फिरला आणि फुल वेगानं गर्जत आला. चाळणीसमोरून गेला. आवाजाच्या मापकाचा काटा नियमाबाहेर. ते अपेक्षितच होतं. सगळे रस्त्याकडेच्या तंबूतल्या पडद्याकडे धावले. पडद्यापाशी सेल्दा बसली होती. सेल्दा नेरिमानबाईंच्याच आवाज-खात्यातली, हुशार, आणि जिभेला हाड नसलेली.

"ताई," ती म्हणाली, "सापडला."

"बघू! इंजिन ना? मला माहीतच होतं!"

"इंजिन नाही."

"मग टायर?"

"टायरही नाही. शाकिर उस्ताद."

लाल ठिपका बरोब्बर चालकाच्या खिडकीपाशी पडला होता. टपोरा, डाळिंबाच्या दाण्यासारखा!

रुश्तूसाहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी चहावाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोन पेले आडवे केले. "वा, नेरिमानबाई! माझं इंजिन निर्दोष! चालकच वाजतोय!"

"चाळण चुकत नाही," नेरिमानबाई म्हणाल्या. खरं सांगायचं तर हा ठिपका त्यांनाही कळला नव्हता. पण आईनं लेकीची बाजू चारचौघांत सोडायची नसते. "तिथे काहीतरी आहे. असणारच!"

ट्रक परत आला. नेरिमानबाईंनी खिडकीची काच चाचपली, रबर चाचपलं, दार आपटून पाहिलं, आरशाची दांडी हलवून पाहिली. सगळं ठाकठीक. आत काही लटकत नव्हतं, बाहेर काही लोंबत नव्हतं. लोंबेल कसं? चाचणीच्या गाडीला सुतळीचा तुकडासुद्धा बांधायचा नाही, हा नेरिमानबाईंचाच कडक नियम होता.

"उस्ताद, खरं सांग. गातोस का रे गाडी चालवताना?"

शाकिर उस्तादाच्या मिशा थरथरल्या. भला धिप्पाड माणूस. या रस्त्यावर चाचणी चालवायचा परवाना असलेला त्या दिवशी तोच एकटा. "ताई, चाचणीत मी श्वाससुद्धा मोजून घेतो! आणि मी गायलो तरी ते बाहेर ऐकू येईल काय? खिडकी बंद आहे!"

"तुझा आवाज ऐकलाय आम्ही तुझ्या भाच्याच्या लग्नात," रुश्तूसाहेब म्हणाले. "खिडकी काय, भिंत असली तरी येईल."

"मग तोंडच बंद करू!" नेरिमानबाईंनी फर्मान काढलं. "पाण्याची गुळणी धर. परत येईपर्यंत गिळायचं नाही!"

उस्ताद गाल फुगवून निघाला. एखाद्या रुसलेल्या पाशासारखा दिसत होता. दोरू गर्जत आला, गेला. लाल ठिपका? जिथल्या तिथे! उलट मघापेक्षा जास्त लाल! उस्ताद खाली उतरला, गुळणी टाकली आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "आता काय, नाकही बंद करू?"

तेव्हा रुश्तूसाहेबांच्या डोक्यात कल्पना आली. सर्वनाशाची सुरुवात नेहमी अशाच माणसाच्या डोक्यात होते, ज्याला स्वतःला काही भोगायचं नसतं. ते म्हणाले, "चालक बदलून बघा की!"

अंगणात ट्रक लावणारा तुर्हान जवळच होता. परवाना नसला तरी नुसतं बघायला म्हणून त्याला बसवलं. तुर्हान आयुष्यात कधी दुसऱ्या गिअरच्या पुढे गेला नव्हता. त्यानं दोरू असा आणला, जणू आत नवरी बसली आहे आणि मागे सनईवाले चालताहेत! पण खिडकीपाशी लाल ठिपका उमटला नाही. नावालाही नाही!

"बघा!" रुश्तूसाहेब नाचायचेच बाकी राहिले. "सिद्ध झालं! शाकिरच वाजतो!"

फिक्रेतसाहेबांनी आपल्या कागदावर आडवी रेघ मारली. "ही फेरी धरता येणार नाही. वेग नाही." त्या दिवसातलं त्यांचं ते सगळ्यांत लांब भाषण.

खरं तर एवढ्यावर नेरिमानबाईंनी थांबायला हवं होतं. वेग वेगळा तर तुलना कसली? हे त्या दर वर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवायच्या. पण चाळण खरी ठरतेय म्हटल्यावर बाईंना पुढचं दिसेनासं झालं. "उस्ताद," त्या हळूच, काळजीनं म्हणाल्या, "तुझ्या छातीत शिट्टी वाजते का रे?"

"छातीत?"

"म्हणजे दम्याची वगैरे. तुला ऐकू येत नसेल, पण चाळणीला येतं. चाळणीपासून काही लपत नाही."

झालं! एवढा बाप्या माणूस, पण पांढराफटक पडला. आपोआप हात छातीवर गेला. "ताई, परवा जिना चढताना जरा..."

कारखान्याच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी उस्तादाला रस्त्याकडेलाच सदरा वर करायला लावला. "श्वास घ्या. सोडा. घ्या. सिगारेटी किती?" उस्ताद नेरिमानबाईंकडे बघत पुटपुटला, "एखाद-दुसरी." मागून चार जणांना एकदम खोकला आला.

"थोडी घरघर आहे," डॉक्टर म्हणाले. "पण ती रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी नाही. तसं असतं तर मी आलो नसतो, इमामसाहेब आले असते."

पण हे डॉक्टरांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत बातमी निघाली होती. चहावाल्यानं कँटीनला सांगितलं की शाकिरच्या छातीत शिट्टी निघाली. कँटीननं गोदामाला सांगितलं की छातीत भोक निघालं. गोदामानं दरवाजावरच्या पहारेकऱ्याला सांगितलं की फुप्फुस फाटलं. आणि पहारेकरी उस्तादाचाच शेजारी! त्यानं इमानेइतबारे उस्तादाच्या बायकोला फोन लावला.

तोपर्यंत इकडे वेगळाच पेच. उस्ताद गाडीत बसायला तयार नाही. "मला आधी मोठ्या दवाखान्यात न्या!" दुसऱ्या कुणाला परवाना नाही. फिक्रेतसाहेब घड्याळ बघताहेत. रुश्तूसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला पडदा दाखवताहेत. आणि नेरिमानबाई चाळणीच्या दांडीला धरून उभ्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, बाजारचं बोरेक मागवलं असतं तर बरं झालं असतं का?

"ताई, तोंड असं नका करू," सेल्दा म्हणाली. "तिनं दाखवलं ते खरंच आहे. आपल्याला दिसत नाही हा तिचा दोष का?"

"तू मला समजावतेस का माझी टर उडवतेस?"

"दोन्ही."

एवढ्यात रस्त्यावर धुरळा उठला. कुणाच्या तरी तीनचाकी टेम्पोत मागे उभी राहून, एका हातानं गज आणि दुसऱ्या हातानं सूपाचं पातेलं धरून, गुलिझार आली! गुलिझार म्हणजे उस्तादाची बायको. उंचीनं त्याच्या खांद्याला, आणि आवाजानं दोरूला भारी. मापक चालूच होता. ती ओरडली तेव्हा काटा उडाला, हे सेल्दानं नंतर शपथेवर सांगितलं.

"शाकिर! उभा आहेस? मग फुप्फुस कुणाचं फाटलं?"

"अगं, माझंच... म्हणजे फाटलं नाही, पण वाजतंय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

सगळ्यांनी चाळणीकडे बोट केलं. गुलिझारनं ते चाक वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही भाताची चाळण? ही म्हणते, आणि तुम्ही शिकलेली माणसं ऐकता?" मग नवऱ्याकडे वळून तिनं कमरेवर हात ठेवला. "आणि तुला काही होईलच कसं? ताईत लावतोस ना रोज आरशाला?"

सगळ्यांच्या माना एकदम आरशाकडे वळल्या.

"कसला ताईत?" नेरिमानबाईंनी विचारलं.

उस्तादानं डोळे मिटले.

"तुम्हाला माहीत नाही?" गुलिझार म्हणाली. "माझ्या आजीचा पितळी ताईत! नवी कोरी गाडी, लोकांच्या नजरा काय कमी असतात? मी याला शपथ घातलीय, गाडी पळवताना तो बाहेर आरशाच्या दांडीला असलाच पाहिजे! शाकिर, बोल की!"

शाकिर उस्तादानं निमूटपणे खिशातून ताईत काढला. करंगळीएवढी पितळेची नळी, दोऱ्यात ओवलेली. झाकण कधीच हरवलेलं, तोंड उघडं. "ताई, माफ करा. नियम ठाऊक आहे मला. पण तुमचा नियम मोडला तर तुम्ही बोलणार, हिची शपथ मोडली तर ही बोलणार. तुम्ही संध्याकाळी घरी जाता. ही घरीच असते. म्हणून मी पलीकडच्या वळणावर तो लावायचो आणि फेरी संपली की काढून खिशात टाकायचो."

नेरिमानबाईंनी तो ताईत घेतला. ओठांपाशी आडवा धरला. आणि रिकाम्या बाटलीच्या तोंडावर पोरं फुंकतात तशी फुंकर मारली.

"फीऽऽऽऽऽ!"

अशी खणखणीत शिट्टी, की तुर्हाननं दचकून वाट सोडली! गाडी भरधाव निघाली की वारा नेमकी हीच फुंकर मारत होता. तुर्हानच्या वरातीच्या वेगात तेवढा वारा नव्हता, आणि आरशाला ताईतही नव्हता. खिडकी बंद, त्यामुळे आत उस्तादाला पत्ता नाही!

नेरिमानबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत?" त्या फिक्रेतसाहेबांना म्हणाल्या. "एवढा अजस्र ट्रक गर्जतोय, टायर ओरडताहेत, इंजिन धडधडतंय, आणि त्यातून माझ्या पोरीनं करंगळीएवढी नळी वेचून काढली! गव्हाच्या पोत्यातून मोहरी! आणा म्हणावं परदेशातून असलं काही!"

"हं," फिक्रेतसाहेब म्हणाले. पण या वेळचा हुंकार जरा लांबला होता.

गुलिझारनं ताईत गाडीबाहेर ठेवायला साफ नकार दिला. शेवटी तहाची बोलणी झाली. ताईत गाडीतच राहील, पण उस्तादाच्या बनियनच्या आत, छातीवर. "छातीला ताईत, म्हणजे छातीचंही भागलं," गुलिझार म्हणाली आणि त्याला उभ्या उभ्या सूप पाजलं. सूप पोटात जाताच उस्तादाची घरघर, धडधड सगळी पळाली. तो सिंहासारखा गाडीत चढला.

दोरू आला. गेला. खिडकी निळीशार! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," सेल्दा म्हणाली. "माप अजून नियमाबाहेरच आहे."

शिट्टी कानाला टोचणारी असली तरी ट्रकच्या एकूण गोंगाटात तिची भर चिमूटभरच होती. खरा गोंगाट कुठला? आता शिट्टी गेल्यावर पडद्यावर नवा लाल ठिपका उमटला होता. खाली, पुढच्या चाकांच्या मागे. इंजिनाच्या बुडाशी!

रुश्तूसाहेबांचा चेहरा असा उतरला, जणू फुग्याला कुणी टाचणी टोचली.

"काय हो, रुश्तूसाहेब!" नेरिमानबाईंच्या आवाजात साखर विरघळत होती. "निर्दोष इंजिन, नाही का? या, या, जवळ येऊन बघा. लाजू नका! सेल्दा, मोठं कर ते चित्र. सगळ्यांना नीट दिसू दे!"

सेल्दानं चित्र मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. मग तिनं खुर्ची थोडी मागे सरकवली आणि पडद्याऐवजी स्वतःच्या नखांकडे बघू लागली.

"का गं? बोल की!"

"ताई, ठिपका इंजिनावर नाही. इंजिनाखालच्या पत्र्याच्या आवरणावर आहे. बोल्ट सैल झालेत बहुतेक. थाळीसारखं थरथरतंय ते."

"असेना! कुणी बसवलं ते भिकार आवरण?"

सेल्दानं नखावरचा नसलेला डाग खरवडला. शाकिर उस्ताद हातमोजे तपासू लागला. चहावाला तेवढा पुढे वाकला.

"ताई," सेल्दा अगदी हळू म्हणाली, "आपणच. गाडीचा आवाज कमी व्हावा म्हणून."

रुश्तूसाहेबांच्या गालांवर रंग परत आला. आधी गुलाबी, मग टोमॅटो. ते हसायला लागले ते थेट खाली गवतावर बसेपर्यंत! गुलिझारला काही कळलं नव्हतं, पण तीही हसली. आणि फिक्रेतसाहेबांच्या ओठाचा एक कोपरा, एकच, वर गेला.

नेरिमानबाई क्षणभर चाळणीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर नसतानाही पदर खोचल्याच्या आवेशात बाह्या सरसावल्या.

"हसा! पोटभर हसा! पण मला एक सांगा, दुसरं कुठलं यंत्र आहे जगात, जे सख्ख्या आईला असं चारचौघांत पकडून देईल? याला म्हणतात इमान! संस्कार आहेत माझे! आणा इकडे पाना!"

त्यांनी बोल्ट आवळले, पुढच्या फेरीत दोरू पास झाला, फिक्रेतसाहेबांनी शिक्का मारला आणि त्यांना संध्याकाळची गाडीही मिळाली. हे सगळं रीतसर झालं. पण एस्कीशेहिरच्या त्या कारखान्यात आजही लोक चहा पिताना सांगतात, ते यातलं काहीच नाही. ते सांगतात त्याच्या जरा आधीचं.

तपासणीसाठी घातलेल्या नव्या कोऱ्या सुटात नेरिमानबाई कुणाचंही न ऐकता स्वतः ट्रकखाली शिरल्या होत्या. शेवटचा बोल्ट आवळून झाला आणि विजयाच्या भरात त्यांनी मान वर केली.

"ठण्ण!"

चाळण बंद करायची राहून गेली होती. तंबूतून सेल्दाचा आवाज आला, "ताई! लाल ठिपका तुमच्या डोक्यावर पडलाय!"

ट्रकखाली आधी पाना खणकन पडला. मग कळवळलेला, तरीही अभिमानानं ओथंबलेला आवाज आला,

"डावीकडे ना गं? कानाच्या जरा वर? मग बरोबर दाखवतेय!"